शोध आणि सुटका, लेखांक 6 : रात्रभर पुरणारा उजेड

टॉर्चच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो लुमेनचा आकडा, आणि बरीच खरेदी त्याच्यावरच ठरते. सह्याद्रीतल्या स्वयंसेवी पथकांनी हा आकडा शेवटी पाहावा आणि आधी सेल काढून बदलता येतो का ते विचारावं, असं माझं ठाम मत आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला धावलेल्यांना पावसात, निसरड्या पायवाटेने, अंधारात चढून जावं लागलं, आणि खरं काम त्या चढानंतरचं होतं. जुलैत आपल्याकडे रात्र दहा-अकरा तासांची असते. उजेड तेवढा वेळ टिकायला हवा.

हिशोब साधा आहे. हातातल्या चांगल्या टॉर्चमध्ये बहुधा 18650 सेल असतो, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. असा सेल 3500 मिलिअँपिअर-तासांपर्यंत सहज मिळतो, 3.6 व्होल्टने गुणलं की सुमारे साडेबारा वॉट-तास होतात. आतल्या सर्किटची गळती धरून एका वॉटमागे ढोबळ शंभर लुमेन पडतात असं मानलं, तर 1000 लुमेनचा झोत सव्वा तासात सेल रिकामा करतो आणि 200 लुमेनचा सहा तास चालतो. मग खोक्यावर ‘1000 लुमेन, पाच तास’ असं कसं छापतात? एफएल-1 या मानकात टॉर्च लावल्यावर तिसाव्या सेकंदाला असलेला उजेड 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ मोजतात. मोजमाप खरं असतं. पण टॉर्च तापू नये म्हणून काही मिनिटांतच उजेड आपोआप उतरतो आणि उरलेले तास त्या खालच्या पातळीवर जातात. गाठ तपासताना किंवा जखमीला स्ट्रेचरवर बांधताना 150-200 लुमेन भरपूर झाले. धुक्यात तर प्रखर झोत पाण्याच्या कणांवरून उलटून डोळ्यांत येतो. तिथे हेडटॉर्च विझवून हातातला टॉर्च कमरेजवळ धरला की वाट जास्त नीट दिसते. एकूण काय, रात्र निभवायची तर माणशी किमान दोन सेल हवेत, आणि पथकातले सगळे टॉर्च एकाच मापाच्या सेलवर चालायला हवेत, म्हणजे एकाचा सेल दुसऱ्याला देता येतो.

यावर कुणी म्हणेल, आत पक्की बॅटरी असलेला टॉर्च स्वस्त पडतो आणि पॉवरबँकवर चार्ज होतो. होतो, पण त्याला काही तास लागतात आणि तोवर चार्जिंगचं रबरी झाकण पावसात उघडं राहतं. सेल बदलायला अर्धं मिनिट पुरतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सुटा लिथियम सेल कॅरॅबिनरला किंवा किल्ल्यांना टेकून शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. म्हणून तो प्लास्टिकच्या डबीतच ठेवावा आणि संरक्षक सर्किट असलेलाच घ्यावा. असा सेल साध्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त लांब असतो. टॉर्चच्या नळीत बसतो का, हे खरेदीआधी बघावं. 5000 च्या पुढचा आकडा छापलेला 18650 सेल बनावट समजून परत करावा. साधे पेन्सिल सेल कुठल्याही गावात मिळतात, हाही मुद्दा खरा आहे, आणि राखीव म्हणून त्यांच्यावरचे एक-दोन टॉर्च सामानात असावेत.

दरीपलीकडे शोध घ्यायला लांब झोत लागतोच, पण तो पथकात एक-दोघांकडे असला तरी चालतं. तिथेही लुमेन कामाचे नाहीत, कँडेला बघावेत. 10,000 कँडेलाचा झोत 200 मीटर जातो असं लिहिलेलं असतं. त्या टोकाला मिळतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, 0.25 लक्स उजेड. एवढ्यात कारवीच्या दाटीत पडलेला माणूस ओळखू येत नाही. छापील अंतराच्या निम्मंच धरून चालावं.

कॉल महिनोन्महिने येत नाही आणि बटणाचं सर्किट बंद टॉर्चमध्येही थोडी थोडी वीज खात राहतं. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवलं की बहुतेक टॉर्चमध्ये ते थांबतं, शिवाय सॅकमध्ये चुकून बटण दाबलं जात नाही. वापरलेला सेल डबीत उलटा ठेवायची सवय सगळ्या पथकाने लावून घ्यावी. हातमोजा काढून बोटाने चाचपलं की उंचवटा लागतो तो भरलेला, सपाट लागतो तो संपलेला.