किरणोत्सर्गी अवपात व द्वीपवासी
अणुस्फोटामुळे वातावरणात उडालेली किरणोत्सर्गी द्रव्ये धुळीच्या वा पावसाच्या रूपाने पुन्हा भूपृष्ठावर येतात, त्यास किरणोत्सर्गी अवपात म्हणतात. ज्या समाजाचे अन्न मुख्यतः आपल्याच बेटावरील झाडांपासून व भोवतालच्या समुद्रातून मिळते, त्याच्या बाबतीत अवपाताचे परिणाम अन्नावाटे अनेक दशके चालू राहतात. पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटे हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील बिकिनी व एनेवेटाक या कंकणाकृती प्रवाळद्वीपांवर अमेरिकेने १९४६–५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या.

त्यांपैकी १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथे झालेली ‘ब्राव्हो’ ही चाचणी १५ मेगॅटन शक्तीची, म्हणजे अपेक्षेच्या दुपटीहून अधिक प्रबळ ठरली. चूर्ण झालेले प्रवाळ काही तासांनी सु. १८० किमी. पूर्वेकडील राँगेलॅप बेटावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पडू लागले. ते काय आहे हे रहिवाशांना ठाऊक नव्हते. मुले त्यात खेळली. पाणी साठविण्याच्या टाक्यांत व उघड्या अन्नातही ते मिसळले. लोकांना तेथून हलविण्यास दोन दिवस लागले. मळमळ, वांत्या, त्वचेवरील दाहव्रण, केस गळणे आणि रक्तातील श्वेत कोशिका व बिंबाणू कमी होणे ही तात्कालिक लक्षणे होती.

दीर्घकालीन परिणामांत अवटू ग्रंथीचे विकार प्रमुख आहेत. अन्नपाण्यातून आलेले किरणोत्सर्गी आयोडीन या ग्रंथीत साठते. त्याचे अर्धायुष्य (निम्मी किरणोत्सर्गिता नष्ट होण्यास लागणारा काळ) अल्प, आयोडीन–१३१ च्या बाबतीत सु. ८ दिवस असते. परंतु तेवढ्या अवधीत झालेली हानी कित्येक वर्षांनी प्रकट होते. बालकाची ग्रंथी लहान असल्याने तीत तेवढ्याच आयोडिनाची मात्रा कितीतरी अधिक होते. राँगेलॅपमध्ये ग्रंथीतील गाठी १९६३ पासून आढळू लागल्या. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखालील असलेल्या मुलांपैकी बहुसंख्यांना हा विकार जडला व दोन मुलांची वाढ खुंटली.

सीझियम–१३७ ची गोष्ट निराळी आहे. त्याचे अर्धायुष्य सु. ३० वर्षे असून रासायनिक दृष्ट्या ते पोटॅशियमासारखे वागते. प्रवाळापासून झालेल्या मृदेत सीझियम धरून ठेवणारी चिकणमाती जवळजवळ नसते आणि पोटॅशियमही अत्यल्प असते. त्यामुळे नारळ, निरफणस (कोकणातही परिचित असलेले फळ) व केवड्याच्या प्रजातीतील पँडॅनस ही झाडे सीझियम मुळांवाटे सहज शोषून घेतात. म्हणजे तेथील लोकांचे जे नित्याचे अन्न, तेच दूषित झाले. मृदेत कॅल्शियम विपुल असल्याने स्ट्राँशियम–९० चे शोषण मात्र तुलनेने कमी होते.

बिकिनीवासीयांना १९४६ मध्येच राँगेरिक येथे हलविले होते. तेथे अन्न पुरेना, म्हणून १९४८ मध्ये त्यांना खारकच्छ नसलेल्या किली बेटावर नेण्यात आले. तेथे वर्षातील काही महिने लाटांमुळे मासेमारीही करता येत नाही. बिकिनी सुरक्षित असल्याची घोषणा १९६८ मध्ये झाली व काही कुटुंबे परतली. स्थानिक अन्न, विशेषतः नारळ, किती खाल्ले जाईल याचा अंदाज कमी धरला गेला होता. लोकांच्या शरीरातील सीझियम वाढत गेल्याने १९७८ मध्ये बेट पुन्हा रिकामे करावे लागले. १९५७ मध्ये परतलेल्या राँगेलॅपवासीयांनीही १९८५ मध्ये स्वतःहून बेट सोडले.

स्थानिक फळांना व नारळ-खेकड्याला मनाई झाल्यावर आयात तांदूळ, मैदा, साखर व डबाबंद मांस हा आहार रूढ झाला. मार्शल बेटांत मधुमेहाचे प्रमाण आता जगात अत्युच्च प्रमाणांपैकी आहे. नागरीकरण हेही त्याचे एक कारण असल्याने सारा दोष अवपातावर टाकता येत नाही. तथापि किरणांपासून बचावासाठी घातलेल्या निर्बंधांनी नव्या रोगास वाट करून दिली, हे नाकारणे कठीण आहे.

वरची माती खरवडून काढल्यास सीझियम जाते, परंतु तिच्याबरोबर शतकानुशतके साठलेला पातळ सुपीक थरही जातो. याउलट पोटॅशियमयुक्त खत घातल्यास झाडे सीझियमाऐवजी पोटॅशियम घेतात आणि नारळातील सीझियम पुष्कळच घटते, असे बिकिनीवरील प्रयोगांत दिसून आले आहे.