एकविसाव्या दिवसाचे इंजेक्शन

घसा दुखून ताप येणे ही शाळकरी मुलांची नेहमीची तक्रार. पण हा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे आला असेल आणि उपचार अपुरे पडले, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. गुडघे-घोटे आळीपाळीने सुजतात. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या आखडू किंवा गळू शकतात.

असा ताप पुन्हा आला की झडप आणखी बिघडते. म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन साधारणतः दर 21 दिवसांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. मुलगी खेळू-बागडू लागली की "आता कशाला?" म्हणून घरचे थांबतात. घात होतो तो इथेच. पेरणीच्या दिवसांत सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयापर्यंत येणे जमत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय होईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. तारीख चुकवू नये.

घरच्या शुश्रूषेत एवढे सांभाळा :

• कॅलेंडरवर इंजेक्शनच्या तारखेची खूण करा.
• डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले असल्यास पापड-लोणचेही टाळा.
• आडवे होताच दम लागणे, पाय सुजणे किंवा वजन झपाट्याने वाढणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.
• ताप रेंगाळल्यास मनाने गोळ्या देऊ नका. झडपेवर जंतू बसले असू शकतात. आधी रक्ततपासणी हवी.
• दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेचा आजार सांगा.

मूल बरे दिसते म्हणून इंजेक्शन थांबवू नका. ते कधी थांबवायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.