वरोऱ्याचा माठ, पुण्याचा कूलर आणि ३८ अंशांची फसवणूक

मागे जो घरघर आवाज येतोय ना, तो माइकचा प्रॉब्लेम नाही. तो आमचा कूलर आहे. आजचा भाग मी पुण्यातून नाही, माझ्या गावातून, वरोऱ्यातून रेकॉर्ड करतोय. कूलर बंद केला तर आवाज छान येईल, पण मग मी दहा मिनिटांच्या वर बोलू शकणार नाही. तेव्हा घरघर गोड मानून घ्या. ज्यांना अगदीच सहन होत नसेल, त्यांच्यासाठी हे सगळं इथे लिहूनही ठेवतोय.

ज्यांना वरोरा माहीत नाही त्यांच्यासाठी: नागपूरहून चंद्रपूरला निघालात की वाटेत वरोरा लागतं. बाबा आमटेंचं आनंदवन इथलंच. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला ताडोबाचं जंगल, मध्ये कापूस आणि सोयाबीन. मी इथे वाढलो, बीटेक केलं आणि मग आपल्यासारखी हजारो पोरं जिथे जातात तिथे, म्हणजे हिंजवडीला गेलो. आता अधूनमधून महिना-दोन महिने घरून काम करतो. त्यामुळे एकाच वर्षात दोन्हीकडचा उन्हाळा वाट्याला येतो.

पुण्यातले मित्र दर मे महिन्यात विचारतात, "तुमच्याकडे किती आहे रे आज?" मी म्हणतो ४५. मग "बापरे!" आणि विषय संपतो. आज मला सांगायचंय की हा एक आकडा पुरेसा नाही. हे मला कोणत्या पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या बाबांच्या बाबतीत मी केलेल्या एका चुकीतून कळलंय. त्यावर येतोच.

पुणं थंड का, वरोरा गरम का?

पहिलं कारण उंची. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, वरोरा त्याच्या निम्म्याहूनही खाली. हवा दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे उंचीमुळे फरक पडतो फक्त दोन अंशांचा. बाकीचा कुठून येतो?

बाकीचा समुद्राकडून येतो. अरबी समुद्र पुण्यापासून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आसपास. मे महिन्यात संध्याकाळी पुण्यात पश्चिमेचा वारा सुटतो, आठवतंय? दुपारी वैतागलेला माणूस साडेसात वाजता टेकडीवर फिरायला जातो, तो त्याच वाऱ्याच्या जिवावर. वरोऱ्याहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथे संध्याकाळी भिंतीला हात लावला तर ती दुपारची उष्णता परत देत असते. पुण्यात मे महिन्यातही रात्री पारा २२-२३ पर्यंत उतरतो. इथे कित्येक रात्री तो २८-३० वर अडून बसतो. माझ्या मते खरा फरक दिवसाच्या आकड्यापेक्षा या रात्रीच्या आकड्यात आहे, कारण शरीराला सावरायला रात्रच मिळते.

"पण तुमच्याकडे तर जंगल आहे!" हेही हमखास ऐकायला मिळतं. आहे ना. पण ते पानगळीचं जंगल आहे. सागवान उन्हाळ्यात पानं टाकून उभा असतो. जमिनीत पाणी असेल तर सूर्याची बरीच उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. एप्रिल-मेमध्ये आमची काळी माती भेगाळलेली असते, वाफ करायला काही उरलेलंच नसतं. मग सगळी उष्णता जमीन आणि हवा तापवण्यात जाते. त्यात २० मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोब्बर आमच्या डोक्यावर येतो आणि त्यानंतर लगेच २५ मेपासून नवतपा. पुण्यावर सूर्य १३-१४ मेलाच येऊन गेलेला असतो, आणि तिकडे लवकरच ढग यायला लागतात.

घड्याळ एक, दिवस वेगळे

एक मजेची गोष्ट सांगतो. वरोरा पुण्याच्या पूर्वेला साधारण पाच रेखांशांवर आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे आमचा सूर्य पुण्याच्या सरासरी वीस मिनिटं पुढे चालतो. मोबाइलमधलं घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे ऑफिसची साडेनऊची मीटिंग सुरू होते तेव्हा पुण्यातले सहकारी चहा घेत असतात आणि माझ्या खिडकीत ऊन चांगलंच चढलेलं असतं.

इथला सगळा दिवस उन्हाच्या हिशोबाने चालतो. दळण, बाजार, बँक, जे काय असेल ते सकाळी अकराच्या आत. नंतर पाचपर्यंत रस्ता रिकामा. एखादा निघालाच तर डोक्याला दुपट्टा बांधून, आणि तरीही कोणीतरी ओट्यावरून ओरडतंच, "उन्हाचा कायले निघतो बे?" पुण्यात दुकानं एक ते चार बंद असतात त्यावर विनोद होतात. इथे बारा ते पाच बंद असतात त्यावर कोणी हसत नाही.

जंगलाकडच्या गावांत हा हिशोब आणखी कठीण आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची आणि त्यानंतर तेंदूपत्ता तोडायचा, ही कामं ऊन चढायच्या आत करावी लागतात, म्हणून लोक पहाटेच निघतात. पण पहाट ही वाघाच्याही फिरण्याची वेळ. चंद्रपूर-गडचिरोलीत या दिवसांत माणसांवर हल्ल्यांच्या बातम्या येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. उन्हापासून पळावं तर वाघाच्या वाटेत. आपण एसीत बसून "वर्क लाइफ बॅलन्स" म्हणतो तेव्हा मला हे आठवतं.

मी पुण्याला कूलर नेला होता

हसू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी नेला होता. आमच्याकडे होळी झाली की कूलर माळ्यावरून खाली येतो, ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो. मला वाटायचं कूलर म्हणजे थंड हवा, जगात कुठेही. एप्रिलमध्ये तो तिकडेही बरा चालला. जूनच्या पहिल्या पावसानंतर फ्लॅटच्या खिडक्या बंद करून लावला, तर अर्ध्या तासात चादर दमट, अंग चिकट. रूममेट म्हणाला, "हे काय, घरात पाऊस पाडतोस का?"

झालं काय होतं, ते नीट समजून घेऊ. कूलर हवा "बनवत" नाही. तो ताट्यांवरच्या पाण्याची वाफ करतो. वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. आता हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर आणखी वाफ होणार कशी? म्हणून कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवायची असते, म्हणजे दमट झालेली हवा बाहेर जाते. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं, मी पुण्यात जाऊन विसरलो.

वाफ करून हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, याला एक मर्यादा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून त्यावर वारा घातला की जो आकडा दिसतो, ती मर्यादा. याला वेट बल्ब टेंपरेचर म्हणतात. आपण त्याला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू.

आता दोन दिवस घ्या.

पहिला दिवस: तापमान ४५, हवेतली आर्द्रता १५ टक्के. ओल्या फडक्याचं तापमान येतं साधारण २४. चांगला कूलर या दोन आकड्यांमधलं सुमारे ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे खोलीत २८ ची हवा येते. झकास.

दुसरा दिवस: तापमान ३८, आर्द्रता ५० टक्के. ओल्या फडक्याचं तापमान जवळपास २९. कूलरमधून येणारी हवा ३१ ची, आणि वर दमट.

म्हणजे बाहेर सात अंश कमी, पण कूलरमधून येणारी हवा तीन अंश जास्त. आणि तुमचं शरीर हासुद्धा एक कूलरच आहे. घाम म्हणजे टाकीतलं पाणी, कातडी म्हणजे ताट्या. जिथे कूलर हरतो तिथे घामही हरायला लागतो.

आता बाबांची गोष्ट

दोन वर्षांपूर्वीचा जून. मृग लागून आठवडा झाला होता, एक वळवाची सर येऊन गेली होती. मी घरीच होतो. बाबांचं वय तेव्हा ६१. मे महिनाभर मी त्यांना दुपारी वावरात जाऊ दिलं नव्हतं. रोज सकाळी फोनवर आकडा बघायचो आणि सांगायचो, "बाबा, आज ४५ आहे, तुम्ही घरीच थांबा."

त्या दिवशी फोनवर ३८ होते. मीच म्हणालो, "बाबा, आज काही नाही, जाऊन या." पेरणीच्या आधी काडीकचरा वेचायचा राहिला होता.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "आज माठातलं पाणी काऊन गार नाही झालं रे?" मी लॅपटॉपवर होतो. ऐकलं आणि सोडून दिलं.

दीडच्या सुमारास शेजारच्या वावरातून फोन आला. बाबा धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बसले होते, अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि त्यांना आपण कुठे आहोत हेच नीट सांगता येत नव्हतं. तिथल्या माणसांनी विहिरीचं गार पाणी त्यांच्या अंगावर ओतत ठेवलं, म्हणून ते वाचले. मी गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा ते मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारत होते. दवाखान्यात तीन दिवस काढले. आज ते ठीक आहेत, आत्ता बाहेर बसून पेपर वाचताहेत. पण "जाऊन या" हे शब्द माझे होते.

नंतर रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्या दिवसाची आर्द्रता शोधली, तेव्हा आईचं वाक्य आठवलं. माठ म्हणजे काय? मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, आतलं पाणी गार होतं. म्हणजे माठ हाच घरातला ओल्या फडक्याचा थर्मामीटर. मे महिन्याच्या कोरड्या ४५ मध्ये माठाचं पाणी दातांना लागेल इतकं गार होतं. त्या दिवशी झालं नव्हतं. आई मला तेच सांगत होती. मी दुसराच आकडा वाचत बसलो होतो.

शरीराची मर्यादा किती?

२०१० मध्ये शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता की ओल्या फडक्याचं तापमान ३५ च्या पुढे गेलं, तर निरोगी माणूस सावलीत नुसता बसूनही काही तासांत दगावू शकतो. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर चाचण्या झाल्या. २०२२ मध्ये आलेले निष्कर्ष असे की दमट हवेत हलकी हालचाल करतानाच ३०-३१ ला शरीराचा तोल सुटायला लागतो. ही तरुण माणसं, आणि तीही उन्हाबाहेर. बाबा साठीच्या पुढचे, भर उन्हात, वाकून काम करणारे.

हवामान खात्याच्या नियमाने मैदानी भागात पारा किमान ४० ला पोहोचला तरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, आणि ४५ झाला की थेट लाट. त्यामुळे ३८ च्या दमट दिवशी "लाट ओसरली" अशी बातमी येऊ शकते. बातमी खोटी नसते, पण तुमच्या घामाचं काय होतंय ते ती सांगत नाही.

मग करायचं काय?

एक, फोनवर तापमानाच्या शेजारी आर्द्रता बघा. दुपारी ३५ च्या वर तापमान आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल, तर तो दिवस मे महिन्यातल्या कोरड्या दिवसाइतकाच जपून काढा. मी आता छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे, ती रोज सकाळी ओल्या फडक्याचं तापमान घरच्या ग्रुपवर टाकते. आई ते वाचत नाही, ती माठात ग्लास बुडवते. आतापर्यंत दोघांचं उत्तर जुळलंय.

दोन, कोणाला ऊन लागलं आणि तो असंबद्ध बोलायला लागला, तर वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. सावलीत आणा, कपडे सैल करा, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घाम येतोय म्हणजे धोका नाही, असंही समजू नका.

तीन, जून-जुलैत आमच्याकडे पाऊस पुण्यासारखा रिपरिप येत नाही, गडगडाट करत येतो. वीज पडण्याचा इशारा देणारं "दामिनी" ॲप वावरात जाणाऱ्यांच्या फोनमध्ये टाकून द्या. ते पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलंय.

पुण्यात मी रोज शिमला ऑफिस चौकातून जायचो. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव. इतकी वर्षं त्या इमारतीसमोर सिग्नलला थांबलो, आणि हवामान शिकलो ते आईच्या माठाकडून, तेही उशिरा.

तुमच्यातले बरेच जण गावापासून लांब असाल. आज घरी फोन कराल तेव्हा "किती आहे तिकडे?" एवढंच विचारू नका. "माठाचं पाणी गार झालं का?" हेही विचारा. नाही म्हणाले, तर त्या दिवशी कोणालाही दुपारी बाहेर पाठवू नका.

चला, टाकीत पाणी संपलंय, पंप कोरडा वाजतोय. भेटू पुढच्या भागात.