गरीब कोण, हे ठरवायचे कोणी?

सरकारी योजनेची घोषणा होते तेव्हा हारतुरे असतात, भाषणे असतात. परंतु ती योजना गरिबाच्या दारापर्यंत पोचते की नाही, हे ठरते कचेरीतल्या तक्त्यावर. कोणाचे नाव कोणत्या रकान्यात घालायचे, कोणता दिवस धरायचा आणि कोणता वगळायचा, यावर सारे अवलंबून असते. आम्ही कारकुनी करणारी माणसे हे रोज पाहतो. आपल्याकडे रेशनकार्डाच्या रंगावरून आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरून जे घडते, तेच अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही घडते. तेथील रुग्णालये आणि सरकारी आरोग्य विमा यांच्यातले अनेक खटले याच प्रश्नाभोवती फिरले आहेत. त्यांची माहिती आपल्या वाचक बंधू-भगिनींना असावी, असे आम्हांस वाटते.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि मेडिकेअर व मेडिकेड या दोन योजना अस्तित्वात आल्या. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांसाठी, तर मेडिकेड गरिबांसाठी. प्रारंभी रुग्णालयाला आलेला खर्च मेडिकेअर भरून देत असे. १९८३ च्या कायद्याने ही पद्धत बदलली आणि आजाराच्या प्रकारानुसार आधीच ठरवलेली रक्कम देणे सुरू झाले. पण गरीब रुग्ण उशिरा येतो, आजार बळावल्यावर येतो, त्याच्यावर खर्च अधिक होतो. म्हणून गरिबांची अधिक सेवा करणाऱ्या रुग्णालयांना जादा रक्कम द्यावी, असे सूत्र १९८६ साली कायद्यात आले.

हिशेबाचे सूत्र

हे सूत्र म्हणजे दोन अपूर्णांकांची बेरीज होय. पहिल्यात पाहायचे ते असे की, मेडिकेअरच्या रुग्णांनी रुग्णालयात काढलेल्या दिवसांपैकी किती दिवस ‘एसएसआय’च्या हक्कदारांचे होते. एसएसआय म्हणजे वृद्ध, अंध व अपंग गरिबांना दरमहा मिळणारे रोख साहाय्य. दुसऱ्यात पाहायचे ते असे की, रुग्णालयातील सर्व दिवसांपैकी किती दिवस मेडिकेडला पात्र, परंतु मेडिकेअरमध्ये नसलेल्या रुग्णांचे होते. बेरीज ठरावीक टक्क्यांच्या वर गेली की जादा पैसे मिळतात. सूत्र सरळ दिसते. भांडण आहे ते मोजणीचे.

मॅसॅच्युसेट्समधील बेस्टेट मेडिकल सेंटरने पहिल्या अपूर्णांकाला आव्हान दिले. सरकारी आकड्यांत चूक असून रुग्णालयांना कमी पैसे मिळाले, असे २००६ साली अपील मंडळाने मान्य केले. ते पाहून इतर रुग्णालयांनी १९८७ ते १९९४ या वर्षांच्या हिशेबाविरुद्ध दाद मागितली. अपिलाची मुदत १८० दिवसांची. इथे तर दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. चूक सरकारनेच झाकून ठेवली, मग मुदत कशी पाळणार, असा त्यांचा सवाल होता. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ऑबर्न’ खटल्यात एकमताने निकाल दिला. सबळ कारण असल्यास सरकारी नियमाप्रमाणे तीन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापलीकडे नाही. रुग्णालये हरली.

न विचारता केलेला बदल

दुसरा खटला ‘अलायना हेल्थ सर्व्हिसेस’चा. मेडिकेअरचे काही लाभार्थी खाजगी विमा कंपन्यांमार्फत लाभ घेतात. हे लोक सर्वसाधारणपणे कमी गरीब असतात. त्यांना पहिल्या अपूर्णांकात धरले की टक्केवारी घसरते. २०१४ साली सरकारने २०१२ या आर्थिक वर्षाचे आकडे याच पद्धतीने काढून संकेतस्थळावर टाकले. सूचना नाही, हरकती मागवणे नाही! सरकारच्याच अंदाजाप्रमाणे नऊ वर्षांत तीन ते चार अब्ज डॉलरचा हा प्रश्न होता. कायदा ६० दिवसांची मुदत देऊन लोकांचे म्हणणे ऐकण्यास सांगतो. जून २०१९ मध्ये न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी रुग्णालयांच्या बाजूने कौल दिला. तथापि २०२३ साली सरकारने रीतसर हरकती मागवून तोच हिशेब मागील वर्षांना लागू करणारा नियम काढला.

एक शब्द, दोन अर्थ

त्यानंतरचे दोन खटले ‘हक्कदार’ या एका शब्दावर लढले गेले. एखाद्याचे मेडिकेअरमधील रुग्णालयाचे दिवस संपले, त्या दिवसाचे पैसे मेडिकेअरने दिले नाहीत, तरी तो मेडिकेअरचा हक्कदार धरायचा का? जून २०२२ मध्ये ‘एम्पायर हेल्थ’ खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ‘होय’ म्हटले. अशा मोजणीने बहुतेक रुग्णालयांची रक्कम कमी होते.

एप्रिल २०२५ मध्ये ‘ॲडव्होकेट ख्राइस्ट’ खटल्यात दोनशेहून अधिक रुग्णालये न्यायालयात होती. समजा, एसएसआयमध्ये नाव असलेल्या बाईला एखाद्या महिन्यात चार पैसे जास्त मिळाले, म्हणून त्या महिन्याचे साहाय्य शून्य झाले, आणि त्याच महिन्यात ती आजारी पडली. ती गरीब धरायची की नाही? न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ‘नाही’ म्हटले. मेडिकेअर हे सतत चालणारे विमासंरक्षण आहे, एसएसआय मात्र महिन्यामहिन्याला ठरणारी रोख रक्कम आहे, असे कारण दिले. न्यायमूर्ती जॅक्सन व सोटोमायोर यांनी याला विरोध नोंदवला. एकदा ‘हक्कदार’ शब्दाचा अर्थ व्यापक झाला, एकदा संकुचित झाला. दोन्ही वेळा पैसे गेले ते गरिबांची सेवा करणाऱ्यांचेच.

न्यायालयाने कायद्याच्या शब्दाप्रमाणे निकाल दिला, याबद्दल आम्ही तक्रार करीत नाही. पण त्या बाईची गरिबी एका महिन्याच्या पगाराने संपते काय? व्याख्या करताना तिच्यासारखीचा विचार कोणी केला होता काय?

यातून आपण तीन गोष्टी शिकाव्यात. योजनेचे नाव मोठे असो, आधी तिच्यातील ‘पात्र’ या शब्दाची व्याख्या वाचावी. नियम बदलत असेल तेव्हा हरकत मुदतीत आणि लेखी नोंदवावी. नंतरची ओरड ऐकली जात नाही. आणि मिळालेला प्रत्येक कागद, तारखेसह, जपून ठेवावा. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी शेजारच्या निरक्षर आजीचा अर्ज वाचून दाखवला, त्यावरील शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, तरी ते मोठे काम होईल. गरिबांची मोजणी होते तेथे गरिबांचा माणूस हजर असला पाहिजे.