दुपारी दीडचं टेबल

सप्टेंबरातला कामाचा एक दिवस. पालघरला मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, राहते बोईसरला. सध्या एका आभासी ग्रहविज्ञान परिषदेत स्वयंसेवक म्हणूनही काम करते आहे. निबंध कोण वाचणार, सत्राचं अध्यक्षपद कुणाकडे, हे ठरवणारी मंडळी वेगळी आहेत. निबंध वाचून झाल्यावर माणसं भेटणार कुठे आणि बोलणार कशी, हे माझ्याकडे आहे.

सकाळी 5.45

तारापूर एमआयडीसीतली पहिली शिफ्ट सातला लागते. नवरा डबा घेऊन कंपनीच्या बससाठी नाक्यावर गेला की तासभर घरात शांतता असते. लॅपटॉप उघडून मी आधी घड्याळं लावते. सप्टेंबरात युरोपात उन्हाळी वेळ चालू असते, म्हणजे बर्लिन आणि झुरिक आपल्या साडेतीन तास मागे. टोकियो साडेतीन तास पुढे. बोईसर दोघांच्या बरोबर मध्ये येतं. आपल्याकडे दुपारचा दीड वाजतो तेव्हा जर्मनीत सकाळचे दहा असतात आणि जपानात संध्याकाळचे पाच. दोन्हीकडे माणसं जागी आणि कामावर. ह्यूस्टनला मात्र तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात. अमेरिकेसाठी आपली रात्री साडेआठची वेळ बरी: तिकडे सकाळचे दहा, युरोपात संध्याकाळचे पाच, पण टोकियोत मध्यरात्र.

सगळ्या जगाला एकदम सोयीची अशी वेळच नाही. म्हणून रोज दोन बैठका ठेवल्या आणि दोन्हींची तयारी सारखीच व्हावी, असा आग्रह धरला. आयोजकांच्या गावची संध्याकाळ हीच सगळ्यांची संध्याकाळ, असं धरून चाललं की निम्मी माणसं आपोआप गळतात. ती का आली नाहीत, हे मग कुणी विचारतही नाही.

सकाळी 6.30

दालनाची मांडणी. पडद्यावर वरून पाहिल्यासारखा एक नकाशा असतो, त्यात टेबलं, फळे, भित्तिपत्रकांच्या रांगा. प्रत्येकाची एक छोटी आकृती, ती बाणाच्या कळांनी चालवायची. कुणाच्या जवळ गेलं की त्याचा चेहरा दिसतो, आवाज येतो. लांब गेलं की आवाज विरत जातो. साध्या व्हिडिओ कॉलवर एक बोलतो आणि शंभर जण ऐकतात. इथे एकाच वेळी वीस ठिकाणी गप्पा चालू शकतात.

प्रत्येक टेबलाला पाचच खुर्च्या ठेवते. सहावी ठेवली की कुणीतरी एक जण तासभर गप्प बसतो, आणि तो बहुधा नवखाच असतो. नावाच्या पट्टीवर पद लिहायचं नाही. नाव, कामाचा विषय आणि इतरांना विचारायचा एक प्रश्न, एवढंच. हा प्रश्न फार कामाला येतो. ओळख सांगून झाल्यावर पुढे काय बोलावं हे नवख्या माणसाला सुचत नाही. प्रश्न डोळ्यांसमोर असला की समोरचा तिथूनच बोलायला सुरुवात करतो.

शिवाय प्रत्येक टेबलाला एक यजमान. कोपऱ्यात एकटी उभी असलेली आकृती दिसली की जाऊन तिला टेबलापाशी घेऊन यायचं, हे त्याचं पहिलं काम.

सकाळी 8.50

बोईसर, उमरोळी, पालघर. डहाणूहून येणारी लोकल या वेळी भरून येते. महिलांच्या डब्यात दाराजवळ उभी राहून मी फोनवर नोंदणीचे अर्ज वाचते. 'परिषदेकडून काय अपेक्षा आहे?' या रकान्यात तरुण मुलं पुन्हा पुन्हा एकच गोष्ट लिहितात: माझ्या विषयावर काम करणाऱ्या कुणाशी तरी बोलायचं आहे. व्याख्यानं ऐकायची आहेत, असं लिहिणारे कमी. व्याख्यानं नंतरही पाहता येतात.

लहान गावातल्या विद्यार्थ्यासाठी आभासी परिषद काय आहे, हे या अर्जांमधून कळतं. युरोपात जायचं तर व्हिसा, विमानाचं तिकीट, आठवडाभराचं राहणं आणि तेवढी रजा हवी. घरातली पहिलीच मुलगी विज्ञान शिकत असेल तर हा खर्च कुठून निघणार? ज्यांना तो परवडतो, त्यांच्या प्रवासाची किंमतही सगळ्यांनाच मोजावी लागते. 2019 साली सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन जिओफिजिकल युनियनचं अधिवेशन झालं. तिथे आलेल्या सुमारे 28 हजार लोकांनी जाऊन-येऊन मिळून 28 कोटी 50 लाख किलोमीटर प्रवास केला, असा हिशेब 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या जवळजवळ दुप्पट. त्यातून सुमारे 80 हजार टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. ग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी हा आकडा डोळ्यांआड करू नये.

सकाळी 10

अकरावीचे दोन तास, मग प्रॅक्टिकल. आज लंबक. मुलं दोलनं मोजतात, मी वह्या तपासते.

दुपारी 1.30

लॅबच्या मागच्या खोलीत डबा बाजूला सारून पहिली बैठक उघडते. आजच्या टेबलाचा विषय 'तुमच्या गावचा दगड'. प्रत्येकाने घराजवळचा एक दगड आणायचा आणि कॅमेऱ्यासमोर धरायचा. खर्च काही नाही, आणि इंग्रजी अडखळत बोलणाऱ्यालाही हातात धरायला काहीतरी मिळतं.

मी मनोरच्या बाजूच्या खाणीतला बेसॉल्टचा तुकडा आणला आहे. मुठीएवढा, काळा-करडा, अंगावर वाटाण्याएवढी भोकं. काही भोकं रिकामी, बरीचशी पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. तो खिडकीजवळ फिरवला की स्फटिक चमकतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होत असताना त्यात अडकलेल्या वायूचे हे बुडबुडे. पुढे खडकातून पाणी झिरपत राहिलं आणि त्यातले क्षार या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ होऊन बसले.

टोकियोच्या एका विद्यार्थ्याने लगेच चंद्रावरच्या 15016 या नमुन्याचा फोटो लावला. 1971 साली अपोलो 15ने आणलेला हा बेसॉल्ट, बुडबुड्यांनी असाच सच्छिद्र झालेला. पण त्याच्या सगळ्या पोकळ्या रिकाम्या. त्यांतून पाणी कधी फिरलंच नाही. दोन दगड शेजारी ठेवले आणि चर्चा मंगळावर गेली: तिथल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत काय सापडेल, रोव्हरने नेमकं कुठे पाहावं? बर्लिनच्या एका बाईंनी लोणारची चौकशी केली. बेसॉल्टमध्ये तयार झालेलं, इतकं चांगलं टिकलेलं आघात-विवर पृथ्वीवर क्वचितच सापडतं, म्हणून मंगळ आणि चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात. 'मुंबईहून तिथे जायचं कसं?' असं त्यांनी विचारलं. मी रेल्वे, एसटी, कुठल्या महिन्यात यावं, सगळं लिहून दिलं. या देवघेवीला व्याख्यानाच्या वेळापत्रकात जागा नसते. ती अशाच टेबलावर होते.

दुपारी 4

परतीच्या गाडीत दुपारच्या नोंदी. कोण कुणाशी बोललं, कुणाला कुणाचा पत्ता हवा, कोण आलं आणि न बोलता निघून गेलं. शेवटच्या रकान्यातल्या चौघांना मी स्वतः निरोप पाठवते: उद्या या, तुमच्या विषयाचं टेबल लावते. दोघांची उत्तरं बोईसर येईपर्यंत आली.

संध्याकाळी 6.40

वीज गेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि एक दिवा चालतो. तोही बंद पडला तर फोनचा डेटा. आमच्या भागातल्या मुलांची अडचण मला इथूनच कळते, म्हणून काही नियम करून घेतले आहेत. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती नाही. प्रत्येक टेबलाला लिहायचा एक फळा असतो, आवाज तुटला तर तिथे लिहायचं. फोनवरून येणाऱ्यांसाठी नकाशाशिवायची साधी लिंक वेगळी. सुरुवातीला काही जणांना वाटलं की चेहरे दिसले नाहीत तर जवळीक कशी होणार. पण एकाच खोलीत पाच माणसं राहतात अशा घरातली मुलगी कॅमेरा बंद ठेवूनच मोकळी बोलते.

रात्री 8.30

दुसरी बैठक. आधी पाच-पाच मिनिटांच्या ओळखी: दोघांची जोडी लागते, घंटा झाली की बदलते. जोड्या यंत्राकडून लावून घेत नाही, दुपारीच हाताने लावते. निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाशेजारी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, दुर्बिणीवाल्याशेजारी दगडवाला. एकाच गटातली माणसं एकत्र ठेवायची नाहीत. ती रोज भेटतातच.

रात्री 9.15

आज ज्या टेबलाची मी सकाळपासून वाट पाहत होते, ते 'जमीन हलते तेव्हा'.

नोव्हेंबर 2018पासून आपल्या जिल्ह्यात डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे हादरे बसू लागले. बहुतेक लहान, काही चार रिश्टरच्या आसपासचे, पण थांबेचनात. घरांच्या भिंतींना तडे गेले, ऐन थंडीत माणसं तंबूत झोपली. आणि त्याच महिन्यात, 26 नोव्हेंबर 2018ला, नासाचं 'इनसाइट' यान मंगळावर उतरलं; जमिनीवर कंपमापक ठेवून मंगळाचे हादरे ऐकायला. 6 एप्रिल 2019ला त्याने पहिला मंगळकंप नोंदवला. डिसेंबर 2022मध्ये सौरपट्ट्यांवर धूळ साचून त्याची वीज संपली, तोवर तेराशेहून जास्त नोंदी झाल्या होत्या. त्यातला सर्वात मोठा, 4 मे 2022चा, 4.7चा.

माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या पट्ट्यातली आहे. आता बीएस्सीला आहे. तिला मी या टेबलाला बोलावलं होतं. झुरिकहून मंगळकंपांवर पीएचडी करणारी एक तरुणी आली होती. ओळख झाली आणि आमची मुलगी गप्पच. मी फोन करून सांगितलं, "अगं, वही आणलीस ना? ती दाखव."

"मॅडम, ती काय दाखवायची? शाळेतली वही आहे."

"तीच दाखव."

तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेला. आत हाताने आखलेले रकाने: तारीख, वेळ, आवाज आला का, भांडी हलली का, कौलं वाजली का, कोण कुठे होतं. एका ओळीत लिहिलं होतं: पहाटे, मोठा आवाज, भांडी हलली नाहीत, आजी जागी झाली. पुढच्या ओळीत: त्याच रात्री, आवाज नाही, कौलं वाजली.

झुरिकची मुलगी पुढे सरकली. तिने जे सांगितलं ते मी मराठीत असं मांडेन: आमच्याकडे संपूर्ण ग्रहावर मिळून एकच कंपमापक होता आणि साक्षीदार एकही नव्हता. हादरा कुठून आला हे एका यंत्रावरून काढताना आमची दमछाक झाली. तुझ्याकडे गावच्या गाव साक्षीदार आहेत. आवाज आला पण हललं नाही, ही नोंद तू का ठेवलीस?

"कारण आवाजानेच जास्त भीती वाटायची," ती म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. कुठल्या पाड्यावर आवाज जास्त येतो, खडकाळ माळावर कसं वाटतं आणि भाताच्या खाचरापाशी कसं, हे सगळं तिने सांगितलं. अडेल तिथे मी शब्द पुरवत होते, पण फार पुरवावे लागले नाहीत. पावसाळ्याचा प्रश्न तिनेच काढला. पावसाचं पाणी भेगांत मुरल्यामुळे हादरे वाढतात का, यावर आपल्याकडे शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे, तो तिने वाचला होता. झुरिकहून उत्तर आलं की मंगळावरच्या काही प्रकारच्या कंपांमध्येही ऋतूप्रमाणे चढउतार दिसला आहे, आणि तिथे तर पाऊसही नाही. मग कारण काय असावं, यावर वाद चालू आहेत. दोघी पुढची वीस मिनिटं त्यावरच बोलत होत्या. बाकीचे तिघे ऐकत होते आणि मधूनमधून फळ्यावर प्रश्न लिहीत होते.

मोठ्या सभागृहात शेवटची पाच मिनिटं प्रश्नांसाठी असतात. तिथे या मुलीने हात वर केला नसता. वही तर घरीच राहिली असती.

रात्री 10.30

शेवटी प्रश्नमंजूषा. चार जणांचा संघ, चौघेही वेगळ्या देशांतले. गुण कुणी लक्षात ठेवत नाही, पण एकत्र डोकं लावलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांना नावाने हाक मारतात.

रात्री 11.15

दालन बंद केलं. खरं काम आता सुरू होतं: ओळखीची पत्रं. टेबलावर झालेली ओळख दोन दिवसांत पत्रावर आली नाही तर विरून जाते. त्यामुळे प्रत्येक जोडीला चार ओळी लिहिते: तुमचं काय बोलणं झालं, कोणी काय पाठवायचं कबूल केलं, पुन्हा कधी बोलायचं. लोणारच्या बाईंना गाड्यांची माहिती. टोकियोच्या मुलाला माझ्या दगडाचे जवळून काढलेले फोटो.

परिषद संपली की निबंधांचा संग्रह निघतो, व्याख्यानं साठवली जातात. ओळखींचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून पैसा आणि वेळ कमी पडला की पहिली काट गाठीभेटींवर बसते. मला हे चुकीचं वाटतं. मोठ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ओळखी त्याच्या गुरूंकडून मिळतात; पालघर-डहाणूच्या मुलांना त्या कुणीतरी मुद्दाम घडवून द्याव्या लागतात. त्यासाठी माणूस नेमावा, दोन वेळा ठरवाव्यात, साधी लिंक द्यावी. परिषद पुन्हा सभागृहात भरू लागली तरी हे बंद करू नये.

सर्वात मोठं पत्र शेवटी लिहिलं, झुरिक आणि धुंदलवाडी या जोडीला. तिकडून कंपांची वर्गवारी कशी करतात त्याची टिपणं येणार आहेत. इकडून वहीतली पहिली दोन वर्षं संगणकावर चढवायची आहेत, प्रत्येक नोंदीपुढे पाड्याचं नाव आणि नकाशावरची जागा. पुढचं बोलणं गुरुवारी. त्याआधी बुधवारी ती पालघरला कॉलेजच्या लॅबमध्ये येणार आहे. मी दुपारचे दोन तास तिच्यासाठी मोकळे ठेवले आहेत.