थोडे, थोडेच आणि बरेच

नागपूरच्या महालातल्या बुधवार बाजारात ‘मावशी, सांभार आहे का?’ असं विचारावं; सांभार म्हणजे कोथिंबीर. ‘थोडा आहे,’ म्हणाली तर पिशवी पुढे करायची. ‘थोडाच आहे,’ म्हणाली तर घाई करायची. समोरची जुडी तीच, पण एका ‘च’ने तिची उणीव आधी दिसायला लागते.

इंग्रजी शिकणारी मुलं इथेच अडतात. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत आणि नुसतं ‘फ्यू’ म्हणजे थोडेच आहेत. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’ यांचंही तसंच. इंग्रजी ‘अ’ पुढे लावून धीर देते, मराठी ‘च’ मागे लावून तो काढून घेते. मुलांना हे असंच सांगावं, नियम पाठ करायला लावू नयेत.

हा ‘च’ फार खोल जातो. ‘मी थोडाच येणार आहे!’ म्हणणारा येतच नाही. थोड्याचं पार शून्य झालेलं असतं. आणि तोच ‘च’ ‘बरे’ला लागला की ‘बरेच’ होऊन भर पडते. मला वाटतं, ‘च’ शब्दाला जागेवर खिळवतो: ‘थोडे’ला वर चढू देत नाही, ‘बरे’ला खाली उतरू देत नाही.

‘बरे’ म्हणजे मुळात चांगले. ‘खूप’ फारसीतल्या ‘खूब’वरून आला, त्याचाही अर्थ चांगला. संस्कृत ‘पुष्कल’मध्ये विपुल आणि उत्तम हे दोन्ही अर्थ आहेत. चांगलं तेच भरपूर, असं तीन वाटांनी भाषेत रुजलं, हे मला विलक्षण वाटतं. विदर्भातला ‘गंज’ मात्र राशीचा शब्द; कडब्याची गंजी आठवावी. ‘गंज लोकं आले होते’ म्हटलं की गर्दी डोळ्यांपुढे उभी राहते. त्याच्या उलट ‘उलसा’, म्हणजे थोडासा. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत सगळ्यांना मिळून ‘सप्पा’.

इंग्रजी मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘मेनी’ आणि न येणाऱ्यांना ‘मच’ लावते. मराठीत माणसंही खूप, पाणीही खूप. पण इंग्रजीत ‘बोथ’ एकच, तिथे आपण माणसांना वेगळं काढतो: पिशव्या दोन्ही, भाऊ दोघे, बहिणी दोघी. पुढे तिघे, चौघे. पाचवा आला की मात्र ‘पाच जण’.