पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नको

शीळफाट्यावरून कल्याणकडे किंवा महापेकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले, तर पेट्रोलवर चालणारी छोटी यंत्रे किती वाढली आहेत ते ध्यानात येते. कुठे मंडपामागे जनरेटर, कुठे पायाच्या खड्ड्यातले पाणी उपसणारा पंप, कुठे गवत कापण्याचे यंत्र, तर कुठे पाठीवर घ्यायचा फवारणी पंप. यंत्र लहान, म्हणून त्याला लागणारे पेट्रोलही बेताचेच, दोन-चार लिटर. पण ते ठेवायचे कुठे, याचा विचार फारसा होत नाही. पुष्कळदा ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून जिन्याखाली, मोरीत, नाहीतर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेले असते. आरोग्याच्या सदरात इंजिनाच्या इंधनाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. या बाटलीपायी माणसे रुग्णालयात पोहोचतात, म्हणून हा विषय आज मी घेतला आहे.

पोटापेक्षा फुफ्फुसाला धोका

ओळखीच्या बाटलीतले रंगीत पेट्रोल लहान मुलाला सरबत वाटते. घोट घेताच ठसका लागतो आणि पेट्रोल श्वासनलिकेत उतरते. ते अतिशय पातळ असल्याने फुफ्फुसात झपाट्याने पसरते व तेथे दाह होतो. अशा वेळी घरातली मोठी माणसे मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात. हे मुळीच करू नये. उलटीबरोबर पेट्रोल वर येते आणि पुन्हा फुफ्फुसात जाते. दूध, तूप, लिंबूपाणी यांचा उपयोग नाही. कपड्यांवर सांडले असल्यास ते काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि मूल हसत-खेळत असले तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. खोकला, धाप, ताप, गुंगी ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात.

टाकीतले पेट्रोल नळीने तोंडाने ओढणाऱ्या मोठ्या माणसालाही हाच धोका असतो. त्यासाठी हाताने दाबायचा साधा पंप स्वस्तात मिळतो, तो वापरावा. पेट्रोलमध्ये बेन्झीन हे द्रव्य अल्प प्रमाणात असते. दीर्घकाळ संपर्क आल्यास ते रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरू शकते. म्हणून ग्रीस काढण्यासाठी पेट्रोलने हात धुण्याची सवयही सोडावी.

वाफ पेटते

पेट्रोलची पेट घेणारी वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही तयार होते. मग आपल्या वैशाखातल्या उकाड्याची काय कथा! ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. बाटली जिन्याखाली असली, तरी तिची वाफ देवघरातल्या निरांजनापर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. उरलेले पेट्रोल रॉकेलमध्ये मिसळून स्टोव्हमध्ये घालणे म्हणजे तर भडक्याला आमंत्रणच.

भाजल्यास त्या भागावर साधारण २० मिनिटे नळाचे थंड पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

साठवण कशी करावी

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात हवे, आणि असा डबा २५ लिटरपेक्षा मोठा नसावा. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्याला १ लिटरची मर्यादा आहे. प्लास्टिकच्या बाटलीचा या यादीत उल्लेखही नाही. पंपावरचा कामगार बाटलीत पेट्रोल देत नाही, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नये.

कायदा ३० लिटरची सवलत देतो म्हणून तेवढे साठवावे असे नव्हे. महिन्याभरात संपेल एवढेच आणावे. डबा भरताना जमिनीवर ठेवावा, गाडीत ठेवून भरू नये. वर थोडी जागा मोकळी सोडावी. डब्यावर ठळक अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहावे आणि तो राहत्या घराबाहेर, सावलीत, हवेशीर व कुलूपबंद जागी ठेवावा.

इंधन कोणते?

यंत्राच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच. छोट्या इंजिनांना बहुधा साधे पेट्रोल पुरते, महागड्या पेट्रोलने त्यांची ताकद वाढत नाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने यंत्र त्याला योग्य आहे की नाही, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. मग इंजिन सुरू होत नाही, आणि टाकी रिकामी करण्यासाठी पुन्हा नळी तोंडात जाते. यंत्र बरेच दिवस बंद ठेवायचे असेल, तर आधीच उघड्या जागी टाकी रिकामी करावी.

टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. पुस्तिकेत ५० : १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५ : १ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने जास्त ओतल्यास धूर वाढतो व तो चालवणाऱ्याच्याच छातीत जातो. फोर-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलमध्ये तेल घालायचे नसते. पेट्रोल भरण्यापूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे.

शेवटची सूचना जनरेटरबद्दल. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत, गाळ्यात किंवा खिडकीलगत जनरेटर लावून झोपलेली माणसे झोपेतच दगावू शकतात. डोके दुखणे, मळमळ, चक्कर एकाच वेळी दोघा-तिघांना जाणवू लागल्यास पित्त समजून गोळी घेत बसू नये. आधी सर्वांनी उघड्यावर यावे आणि मग डॉक्टरांना गाठावे.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. आज संध्याकाळी जिन्याखाली एकदा डोकावावे. पेट्रोलची बाटली आढळलीच, तर दिवा-बत्तीच्या आधी ती घराबाहेर हलवावी आणि उद्या धातूचा डबा आणावा.